टोरंटोची 'सिच्युएशन रूम': आइस हॉकीतला गोल तपासून देणाऱ्या सेवेचे परीक्षण

९ जून २०१० रोजी फिलाडेल्फियात स्टॅनले कप या आइस हॉकी करंडकाच्या अंतिम फेरीचा सहावा सामना ३-३ अशा बरोबरीमुळे जादा वेळेत गेला होता. जादा वेळेची ४ मिनिटे ६ सेकंद झाली असताना शिकागो ब्लॅकहॉक्सच्या पॅट्रिक केनने डाव्या बाजूने, अगदी चिंचोळ्या कोनातून पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, मारला आणि पक दिसेनासा झाला. प्रेक्षकांना काय झाले ते उमगेना आणि खेळाडू एकमेकांकडे पाहत राहिले. एकटा केन मात्र आनंदाने रिंकच्या दुसऱ्या टोकाकडे धावत सुटला. पक जाळ्याच्या तळाशी असलेल्या आच्छादनाखाली जाऊन अडकला होता. चित्रफीत पाहून गोल पक्का होईपर्यंत शिकागोचे १९६१ नंतरचे पहिले विजेतेपद हा एका खेळाडूचा निव्वळ दावा होता.

अशा दाव्यांचा निवाडा करणारी यंत्रणा म्हणजे उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगची, म्हणजेच एनएचएलची, टोरंटोमधील 'सिच्युएशन रूम'. या खोलीत प्रत्येक सामन्याचे चित्रण थेट येते, तिथली माणसे ते पाहत असतात, आणि बर्फावरचा पंच कानाला हेडफोन लावून त्यांच्याशी बोलतो. गोल ठरवण्यासाठी चित्रफितीची मदत घेण्याची सोय लीगमध्ये १९९१-९२ च्या हंगामापासून आहे. आज ती जिथवर पसरली आहे तिथवर मात्र ती बऱ्याच ठेचा खात पोहोचली. प्रेक्षक हाच या सेवेचा अंतिम ग्राहक आहे असे मी मानतो आणि त्याच नात्याने हे परीक्षण लिहितो. माझे मत आधीच सांगून टाकतो: पक कुठे होता, एवढाच प्रश्न असेल तेव्हा या सेवेला तोड नाही, खेळाडूच्या मनात काय होते, असा प्रश्न आला की तिथून निकाल मिळतो, पण कारण मिळत नाही.

सेवेचे मोल कळायला आधी गोल म्हणजे काय ते नीट पाहावे लागते, कारण नियमाची भाषा दिसते तितकी सोपी नाही. गोलचौकटीचे दोन खांब एकमेकांपासून ६ फूट अंतरावर असतात आणि आडवा दांडा बर्फापासून ४ फूट उंचीवर असतो. खांबांच्या मधली लाल रेषा खांबाच्या जाडीइतकीच, म्हणजे २ ३/८ इंच रुंद असते. पक समोरून, दांड्याच्या खालून आणि खांबांच्या मधून जाऊन ही रेषा पूर्णपणे ओलांडतो तेव्हाच गोल होतो. 'पूर्णपणे' या शब्दाला इथे सवलत नाही. पक ३ इंच व्यासाचा आणि १ इंच जाडीचा असतो, म्हणजे आडवा पडलेला पक रेषेपेक्षा रुंद असतो. तो रेषेच्या बरोबर मध्यावर थांबला तर दोन्ही बाजूंना थोडा थोडा बाहेर डोकावतो. जाळ्यामागे बसलेल्या माणसाला तो आत आलेला दिसतो, समोरच्याला तो बाहेर राहिलेला दिसतो, आणि नियमाप्रमाणे तो गोल नसतो.

आता वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा विचार करा. आडवा दांडा आणि रेषा एकाच जाडीचे आहेत आणि दांडा रेषेच्या बरोबर वर आहे. त्यामुळे छतावरून पाहताना दांड्याने रेषा झाकली जाते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही मोठीच गैरसोय वाटते, पण तपासणाऱ्याला खरे तर तिचा फायदाच होतो. दांडा कॅमेऱ्याला अधिक जवळ असल्याने तो रेषेहून किंचित जाड भासतो, आणि म्हणूनच दांडा व पक यांच्या मध्ये पांढऱ्या बर्फाची बारीकशी चीर जरी दिसली तरी पक रेषेपलीकडे आहे याविषयी शंका उरत नाही. या खेळाचे जुने प्रेक्षक रिप्लेत आधी पक शोधत नाहीत, ती पांढरी चीर शोधतात. मीही हल्ली तेच करतो, आणि चीर दिसली की पंचांच्या घोषणेची वाट न पाहता उठून पाणी पिऊन येतो.

पक उभा राहून कडेवर घरंगळत असेल, किंवा बर्फापासून वीतभर वर उडालेला असेल, तेव्हा अडचण येते. पक हवेत असेल आणि कॅमेरा बाजूने तिरका पाहत असेल तर पकच्या खालून पांढरा बर्फ दिसतो. तो बर्फ रेषेपलीकडचा आहे असा भास होतो, पण प्रत्यक्षात पक रेषेच्या वरच असू शकतो. ५ जून २००४ रोजी कॅल्गरी येथे झालेल्या अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात नेमके हेच झाले. सामना २-२ असा बरोबरीत होता. तिसऱ्या, म्हणजे नियमित वेळेतल्या शेवटच्या, सत्रात पक कॅल्गरी फ्लेम्सच्या मार्टिन जेलिनाच्या स्केटला लागून गोलकडे वळला आणि टँपा बे लाइटनिंगचा गोलरक्षक निकोलाय खाबिबुलिन याने तो पायाच्या पॅडने परतवला. गोल दिला गेला नाही. दूरचित्रवाणीवर नंतर दिसलेल्या एका कोनातून पक आणि रेषा यांच्या मध्ये पांढरे दिसत होते, आणि कॅल्गरीत आजही तो गोल होता असे छातीठोकपणे सांगणारी माणसे भेटतात. लाइटनिंगने तो सामना दुसऱ्या जादा सत्रात जिंकला आणि सातवा जिंकून करंडकही नेला. मी ते चित्रण पुष्कळदा पाहिले आहे. पक आत गेला असावा असे मला वाटते. परंतु 'असावा' या क्रियापदावर गोल देता येत नाही, आणि सेवेची सगळी शिस्त या एका गोष्टीत आहे. पंचाने बर्फावर जो निर्णय दिला असेल तो चित्रफितीतून निर्विवाद पुरावा मिळाल्याशिवाय बदलायचा नाही, हा तिचा पाया आहे. क्रिकेटच्या वाचकाला 'अंपायर्स कॉल' आठवेल. इथे फरक इतकाच की संगणकाने काढलेली मिलिमीटरची आकृती नसते, माणसाचा डोळा असतो.

या पायाचा एक परिणाम असा की पंचाचा पहिला हावभाव फार मोलाचा ठरतो. त्याने बोट जाळ्याकडे रोखले म्हणजे गोल, दोन्ही हात आडवे फिरवले म्हणजे गोल नाही. पक गोलरक्षकाच्या हातमोज्यात बंद असेल आणि मोजा रेषेपलीकडे गेला असेल, तर पकही पलीकडे गेला असणार हे शेंबड्या पोरालाही कळते. तरीही पक कॅमेऱ्याला दिसला नाही तर पंचाने आधी फिरवलेले हात बहुधा कायम राहतात. यावर चिडणारे पुष्कळ आहेत. मी चिडत नाही. जे दिसले नाही ते दिसले असे न म्हणणाऱ्या माणसांवर मी अधिक विश्वास ठेवीन.

घड्याळाचा प्रश्न त्या मानाने साधा आहे. सत्र संपण्यापूर्वी पकने रेषा ओलांडलेली असली पाहिजे. घड्याळात शून्य आल्यावर आत गेलेला पक व्यर्थ. शेवटच्या मिनिटात घड्याळ दशांश सेकंद दाखवते आणि चित्रफितीवर ते उमटवून पाहता येते, त्यामुळे वाद उरू नये. पण १ फेब्रुवारी २०१२ रोजी लॉस एंजेलिस किंग्जच्या ड्र्यू डाउटीने कोलंबसविरुद्ध ०.४ सेकंद उरले असताना विजयी गोल केला, आणि मागाहून लक्षात आले की घड्याळ १.८ वर सुमारे सेकंदभर थबकले होते. घड्याळ नीट चालले असते तर गोल वेळेत झालाच नसता. तपासणी निर्दोष झाली, मापच खोटे होते. गोल कायम राहिला.

उंचीचा नियम मला या खेळातला सर्वांत सुबक नियम वाटतो. आक्रमक खेळाडूच्या स्टिकने आडव्या दांड्यापेक्षा वर असताना पकला स्पर्श केला आणि पक आत गेला तर गोल नाही. दांड्याच्या उंचीवर किंवा त्याखाली स्पर्श झाला तर गोल. स्टिकचे टोक कुठवर वर गेले होते हे पाहायचे नाही, पक स्टिकच्या ज्या भागाला लागला तो भाग किती उंचीवर होता एवढेच पाहायचे. बचाव करणाऱ्या खेळाडूने स्वतःच उंच स्टिकने पक आपल्या जाळ्यात ढकलला तर मात्र गोल धरला जातो, आणि ते न्याय्यच आहे. कॅरोलिना हरिकेन्सच्या आंद्रेई स्वेचनिकोव्हने २९ ऑक्टोबर २०१९ रोजी कॅल्गरीविरुद्ध जाळ्यामागे उभे राहून पक स्टिकच्या पात्यावर उचलला आणि वळसा घालून वरच्या कोपऱ्यात ठेवला. एनएचएलमध्ये असा गोल पहिल्यांदाच झाला. मिशिगन विद्यापीठाच्या माइक लेगने १९९६ मध्ये महाविद्यालयीन स्पर्धेत तो करून दाखवल्यापासून या युक्तीला 'मिशिगन' म्हणतात. पक पात्यावर उचलणे हे नियमाबाहेरचे वाटते, पण तो दांड्याच्या उंचीच्या आत सोडला की आक्षेपाला जागा राहत नाही. उंची दिसते, तिचे चित्र थांबवता येते, म्हणून अशा तपासण्या झटपट संपतात.

लाथेच्या बाबतीत चित्र थांबवून भागत नाही. पक स्केटला लागून आत गेला तर गोल होतो. खेळाडूने पाय वळवून पकला दिशा दिली तरीही होतो. पण 'ठळकपणे लाथ मारण्याची हालचाल' करून पक आत घातला तर होत नाही. ठळकपणे म्हणजे किती? थांबण्यासाठी खेळाडू स्केट आडवे करतो आणि बर्फाचा फवारा उडतो, त्याच क्षणी पक स्केटला लागतो, तेव्हा गोल द्यावा असे नियमच सांगतो. पण पाय पुढे सरकत असताना त्याच वेळी तो खेळाडू थांबतही असेल तर? हळू गतीत पाहिले की प्रत्येक पाय लाथ मारताना दिसतो, आणि मूळ गतीत पाहिले की कुठलाच पाय तसे करताना दिसत नाही. या तपासण्या मी शक्यतो मूळ गतीतच पाहतो.

त्यात पुढची गंमत अशी की लाथ मारलेला पक वाटेत कोणाला लागला यावरही निकाल फिरतो. तो कुठल्याही खेळाडूच्या अंगाला, अगदी गोलरक्षकाच्या अंगाला लागून आत गेला तरी गोल नाही. तो कुठल्याही खेळाडूच्या स्टिकला लागून आत गेला तर गोल आहे, लाथ मारणाऱ्याच्या स्वतःच्या स्टिकलाही लागून. फक्त गोलरक्षकाची स्टिक यातून वगळलेली आहे. हा अपवाद पाठ नसल्याने भले भले समालोचकही चुकताना मी ऐकले आहेत. टोरंटोतली माणसे इथे चुकत नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. हाताने मारलेला किंवा फेकलेला पक, आणि पंचाच्या अंगावर आपटून थेट आत गेलेला पक, यांना गोल नाही. त्याविषयी अधिक काही लिहावे असे नाही.

शिट्टीच्या नियमाविषयी मात्र लिहायला हवे, कारण तिथे ही सेवा हात टेकते. खेळ थांबला असे पंचाने मनात ठरवले की खेळ थांबला, मग शिट्टी ओठांपर्यंत पोहोचायची असो वा नसो. गोलरक्षकाने पक दाबून धरला आहे असे पंचाला त्याच्या जागेवरून वाटते, तो शिट्टी तोंडाकडे नेतो, तेवढ्यात पक गोलरक्षकाच्या पायांमधून निसटून रेषेपलीकडे जातो आणि मग शिट्टी ऐकू येते. चित्रफितीत सर्व काही दिसते: पक सुटा होता, आत गेला, शिट्टी नंतर वाजली. फक्त पंचाने कधी ठरवले ते दिसत नाही. नियमामागचे कारण समजण्यासारखे आहे. पंचाने खेळ संपला मानल्यावर गोलरक्षकावर स्टिकांचे घाव पडू नयेत. पण तपासणीची सेवा म्हणून पाहिले तर कॅमेरा डोक्याच्या आत नेता येत नाही, हे इथे उघड होते, आणि ग्राहकाने ते गृहीत धरावे.

सेवेच्या कक्षेतच एखादी बाब नाही म्हणून चूक डोळ्यांदेखत टिकून राहिली, असेही घडले आहे आणि ते जास्त खटकते. १८ जानेवारी २०१४ रोजी डेट्रॉइट रेड विंग्ज एका गोलने मागे होते आणि २७ सेकंद उरली होती. निकलास क्रोनवालने मारलेला पक प्रेक्षकांच्या रक्षणासाठी काचेवर लावलेल्या जाळीला लागला. तिथेच खेळ थांबायला हवा होता. तो थांबला नाही; पक वरून खाली आला आणि लॉस एंजेलिसचा गोलरक्षक जोनाथन क्विक याच्या पाठीला लागून आत गेला. टोरंटोत बसलेल्यांना ते दिसत असणारच, पण पक जाळीला लागला की नाही हा विषय तेव्हा तपासणीच्या यादीत नव्हता. गोल दिला गेला आणि डेट्रॉइटने शूटआउटमध्ये, म्हणजे एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकासमोर गोलचा प्रयत्न करून निकाल लावण्याच्या पद्धतीत, सामना जिंकला. दुकानात माल समोर फळीवर दिसत असताना विक्रेत्याने 'ते आमच्या यादीत नाही' म्हणून सांगावे, तसा हा प्रकार होता.

यादी वाढत गेली ती अशा प्रत्येक फजितीनंतर. ऑफसाइडचे, म्हणजे आक्रमक खेळाडूने पकच्या आधी निळी रेषा ओलांडून प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात शिरण्याचे, दुखणे तर जुने आहे. २४ मे १९८० रोजी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात न्यूयॉर्क आयलंडर्सचा एक गोल होण्यापूर्वी पक निळ्या रेषेबाहेर येऊन पुन्हा आत गेला होता. रेषापंचाच्या ते नजरेतून सुटले, आणि त्याने नंतर ते मान्यही केले. आयलंडर्सनी तो सामना फिलाडेल्फियाविरुद्ध जादा वेळेत ५-४ असा जिंकून पहिला करंडक मिळवला. २०१३ च्या फेब्रुवारीत कोलोरॅडो ॲव्हलांशच्या मॅट डुशेनने नॅशव्हिलविरुद्ध इतक्या उघड ऑफसाइड जागेतून गोल केला की त्यानंतर प्रशिक्षकांना दाद मागण्याचा हक्क द्यावा, ही मागणी जोर धरू लागली. २०१५-१६ पासून तो हक्क मिळाला: ऑफसाइडसाठी आणि गोलरक्षकाला झालेल्या अडथळ्यासाठी. मे २०१९ मध्ये सॅन होजे शार्क्सने सेंट लुइस ब्लूजविरुद्ध जादा वेळेत जो गोल केला त्याच्या आधी टिमो मायरने पक हाताने पुढे सरकवला होता. चारही पंचांना ते दिसले नाही आणि तपासणीची सोयही नव्हती. पुढच्याच हंगामापासून आक्रमण क्षेत्रात हाताने दिलेला पास, मैदानाबाहेर गेलेला पक, असे खेळ थांबायला हवा असूनही पंचांच्या नजरेतून सुटलेले प्रसंगही दाद मागण्याच्या कक्षेत आले.

या सेवेला शुल्क आहे आणि ते बरोबर जागी लावलेले आहे. प्रशिक्षकाने दाद मागितली आणि ती फेटाळली गेली तर संघाला दोन मिनिटे एक खेळाडू कमी घेऊन खेळावे लागते. त्याच सामन्यात पुन्हा फेटाळली गेली तर चार मिनिटे. नुकताच गोल खाल्लेल्या संघाने वर ही शिक्षा ओढवून घ्यायची म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. सुरुवातीला फक्त 'टाइमआउट' गमवावा लागे, तेव्हा सामन्याच्या शेवटाला नशीब अजमावून पाहणाऱ्यांची गर्दी होत असे. दंड आल्यावर ती ओसरली. तिसऱ्या सत्राच्या शेवटच्या मिनिटात आणि जादा वेळेत मात्र दाद मागावी लागत नाही, सिच्युएशन रूम स्वतःच तपासणी सुरू करते. ऑफसाइड ठरल्यास घड्याळ त्या ऑफसाइडच्या क्षणापर्यंत मागे नेले जाते.

तरीही ऑफसाइडच्या तपासण्यांवर माझा राग आहे, आणि तो नियमावरचा नाही, वापरावरचा आहे. स्केट निळ्या रेषेच्या आत गेला तेव्हा मागचा पाय बर्फावर टेकलेला होता की बोटभर उचललेला होता, यावर एकेकाळी सुंदर गोल रद्द होत. २०२०-२१ पासून पाय टेकलेला असण्याची अट गेली. पाय हवेत असला तरी रेषेवरच्या उभ्या काल्पनिक प्रतलात असला म्हणजे पुरे. सुधारणा चांगली आहे. परंतु खेळाडू अर्ध्या इंचाने पुढे असण्याचा आणि त्यानंतर बरेच पास होऊन पडलेल्या गोलचा काही संबंध उरलेला नसतो, तरी पक मध्यंतरी त्या क्षेत्राबाहेर गेला नसेल तर तो गोल पुसला जातो. डुशेनसारख्या ढळढळीत चुकीसाठी बसवलेली ही चाळणी आता भुसाही मोजते आहे.

गोलरक्षकाला होणारा अडथळा हे सेवेचे सर्वांत दुबळे अंग. गोलपुढच्या निळसर रंगाच्या अर्धवर्तुळाला क्रीज म्हणतात. एकेकाळी नियम सरळ होता: पकच्या आधी आक्रमक खेळाडूचा स्केट क्रीजमध्ये असेल तर गोल नाही. हा नियम तपासायला सोपा होता आणि भोगायला असह्य, कारण कोपऱ्यात कुणाची तरी स्केटची पाती रंगाला लागली म्हणून निष्पाप गोल बाद होत. जून १९९९ मध्ये बफेलो येथे अंतिम फेरीचा सहावा सामना तिसऱ्या जादा सत्रापर्यंत लांबला. डॅलस स्टार्सच्या ब्रेट हलने डोमिनिक हासेकला चकवून गोल केला तेव्हा हलचा एक स्केट क्रीजमध्ये होता. पक सतत हलच्याच ताब्यात होता, म्हणून गोल नियमाला धरून आहे, असे लीगने सांगितले. तोवर डॅलसचा जल्लोष सुरू होऊन मैदानावर गर्दी झाली होती. बफेलोत 'नो गोल' हे दोन शब्द तेव्हापासून म्हणीसारखे वापरले जातात. पुढच्या हंगामाला लीगने तो नियमच काढून टाकला.

त्याच्या जागी आलेला नियम समंजस आहे आणि म्हणूनच निसरडा आहे. खेळाडू क्रीजमध्ये आहे की बाहेर, यावर आता निकाल ठरत नाही. गोलरक्षकाला क्रीजमध्ये मोकळेपणाने हालचाल करण्यात आणि गोल वाचवण्यात त्याच्यामुळे अडथळा आला का, धक्का मुद्दाम दिला का, बचावपटूनेच त्याला ढकलले असेल तर त्याने टाळण्याचा रास्त प्रयत्न केला का, सुट्या पकसाठी दोघे झटत असताना लागलेला तो साहजिक धक्का होता का, असे सगळे पाहायचे असते. यातला एकही प्रश्न पांढऱ्या चिरेने सुटणारा नाही. सुरुवातीची काही वर्षे पंच स्वतः टॅबलेटवर पाहून निर्णय देत. एकाच तऱ्हेच्या दोन प्रसंगांत दोन रात्री दोन निकाल लागू लागले, तेव्हा मार्च २०१८ मध्ये अंतिम निर्णय टोरंटोकडे सोपवण्यात आला. सगळे निकाल एकाच हाताने दिले जावेत हा हेतू योग्य होता आणि काही प्रमाणात तो साधला आहे. पण प्रत्येक निकालानंतर लीग जो खुलासा प्रसिद्ध करते तो वाचून पाहावा. त्यात नियम ६९.१ चा हवाला असतो, अमुक खेळाडूमुळे गोलरक्षकाच्या हालचालीत अडथळा आला किंवा आला नाही असे एक वाक्य असते, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावरच खुलासा आटोपतो. धक्का कोणत्या क्षणी लागला, गोलरक्षकाला सावरायला वेळ मिळाला होता का, बचावपटूचा हात किती जबाबदार धरला, यातले काही नाही. उत्तरपत्रिकेवर गुण लिहून परत द्यावेत आणि समासात एक अक्षर नसावे, तशी ही सेवा आहे.

जाळ्याची चौकट हलली असेल तेव्हाचा नियम एनएचएलमध्ये उदार आहे. चौकट बर्फातल्या खुंट्यांवर बसवलेली असते. खुंटी तिच्या भोकातून निघाली किंवा चौकट खुंटीवरून पूर्ण सुटली तरच ती जागेवरून हलली असे मानतात, नुसती थोडी सरकून खुंटीवरच असेल तर गोल धरतात. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या नियमांनी खेळल्या गेलेल्या २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये हा फरक जगाला कळला. अमेरिकेविरुद्ध बरोबरी असताना शेवटची काही मिनिटे उरली होती, रशियाच्या फ्योदर त्युतिनचा पक आत गेला, आणि चौकट किंचित सरकलेली आढळल्याने गोल रद्द झाला. अमेरिकेने शूटआउटमध्ये सामना जिंकला, टी. जे. ओशीला त्यात सहा वेळा पाठवण्यात आले आणि त्याने चार गोल केले. दोन्ही नियम वाचल्यावर मला एनएचएलचा अधिक पटतो, कारण इंचभर सरकलेल्या खांबामुळे मध्यभागातून गेलेला पक वेगळा होत नाही.

प्रेक्षकाच्या सोयीबाबत दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पंच आता निकाल मायक्रोफोनवर बोलून सांगतात, ही सोय उत्तम आहे. घोषणा साध्या भाषेत असते आणि घरी बसलेल्यालाही ऐकू येते. प्रतीक्षा मात्र खटकते. पांढरी चीर असलेली तपासणी लवकर आटोपते, पण अडथळ्याची किंवा ऑफसाइडची तपासणी रेंगाळली की गोल करणारा खेळाडू बाकावर बसून पाण्याची बाटली हातात फिरवत राहतो, आणि मग गोल पक्का झाला तरी त्याला पुन्हा उठून हसावेसे वाटत नाही. पुराव्याचा निकष 'निर्विवाद' हाच असेल तर तिसऱ्या कोनातून चौथ्यांदा पाहूनही जे ठरत नाही ते निर्विवाद नाही, एवढे मान्य करून पंचाचा मूळ निर्णय कायम ठेवायला हरकत नसावी. तपासणीला वेळेची मर्यादा घालावी अशी माझी पहिली सूचना आहे. दुसरी सूचना अशी की, अडथळ्याच्या प्रत्येक निकालासोबत चित्रफितीतल्या ज्या एका चौकटीवर निर्णय फिरला ती स्थिर चौकट प्रसिद्ध करावी आणि तिच्याखाली तीन वाक्ये लिहावीत. टोरंटोत ती चौकट कुणीतरी थांबवून पाहिलेलीच असते.